चर डोंगराच्या कोणत्या अंगाला? हिमालयातील झऱ्यांच्या पुनर्भरणाची पार्श्वभूमी

हिमालयातले झरे आटू लागल्याची नोंद जुनीच आहे. उत्तराखंडमधील कुमाऊँतल्या गौला नदीच्या खोऱ्यात झऱ्यांचा विसर्ग घटल्याचे १९८०च्या दशकातच अभ्यासकांनी दाखवले होते. तेव्हा दोष मुख्यतः जंगलतोडीला दिला गेला; पावसाची बदललेली तऱ्हा चर्चेत आली ती नंतर. दरम्यान नळयोजना आल्या, झऱ्यांच्या तोंडाशी सिमेंटच्या टाक्या बसल्या आणि नौले, म्हणजे झऱ्याचे पाणी साठवणारी दगडी कुंडे, राखण्याची गावकीची रीत मागे पडली.

वळण मिळाले ते सिक्कीममध्ये, २००८ साली. दक्षिण आणि पश्चिम सिक्कीममध्ये पाऊस तुलनेने कमी, हिवाळा कोरडा आणि गावांची सारी भिस्त धारांवर, म्हणजे झऱ्यांवर. राज्य सरकारने ‘धारा विकास’ हा झऱ्यांच्या पुनर्भरणाचा कार्यक्रम हाती घेतला: उतारावर चर खणायचे आणि त्यांत पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवायचे. चर खणण्याची मजुरी रोजगार हमीतून निघाली. अवघड प्रश्न होता जागेचा. पाणलोट विकासाची रुळलेली पद्धत माथ्यापासून पायथ्यापर्यंत, त्याच पाणलोटाच्या हद्दीत काम करण्याची. पण जमिनीवरचे पाणी उताराने जाते, जमिनीखालचे खडकाच्या थरांनी आणि भेगांनी. थर पलीकडच्या उतारावरून गावाकडे कललेले असतील, तर गावातल्या झऱ्याचे पाणी मुरते ते त्या पलीकडच्या उतारावर. ती जमीन शेजारच्या गावाची असते, नाहीतर राखीव जंगलाची. तहान एकाची आणि चर दुसऱ्याच्या हद्दीत, हे गळी उतरवायचे तर आधी खडक वाचता यायला हवा. पुण्यातल्या एका भूजल संस्थेने तिथल्या कार्यकर्त्यांना तेच शिकवले. किती चर खणले यापेक्षा ते कुठे खणले, हा निर्णय कितीतरी मोलाचा होता. अहवालांत मात्र आकडे चरांचेच ठळक दिसतात. तीव्र उतारावर पाणी मुरवले तर दरड कोसळेल, हा आक्षेपही रास्त होता. त्यासाठी सौम्य उताराच्या जागा निवडाव्या लागल्या.

२०१८च्या एका केंद्रीय अहवालाने हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटले किंवा हंगामी झाले असल्याचे म्हटले आणि विषय राष्ट्रीय झाला. २०१९पासून घरोघरी नळ देण्याची मोहीम आली, तेव्हा नळामागच्या झऱ्याची चिंता आणखी वाढली. आता पाऊस थोड्या दिवसांत कोसळून जातो, हिमवृष्टी कमी होते, आणि मुरायला पाण्याला वेळच मिळत नाही. धार वाढली ती चरांमुळे की एखाद्या चांगल्या पावसाळ्यामुळे, हे ठरवायला झऱ्याचा विसर्ग वर्षानुवर्षे मोजावा लागतो. अशा सलग नोंदी फार थोड्या झऱ्यांच्या आहेत.