१:२५ चा ट्रक आला कुठून?

१:२५ म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या मापाचं मॉडेल: एका मीटरचे चार सेंटिमीटर. प्लास्टिकचा ट्रक बांधायला बसणाऱ्याला एवढा हिशेब पाठ असला तरी पुरतो. न्हावा शेवाहून निघून कळंबोलीच्या रस्त्यावर आपल्या पुढ्यात रांगेने उभा असतो तो ४० फुटी कंटेनर या मापात ४९ सेंटिमीटरच्या आत बसतो. लिहायच्या टेबलावर ठेवला तरी वहीला जागा उरते.

किटचा, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा, डबा उघडला की चेसिसच्या (गाडीच्या खालच्या चौकटीच्या) दोन लांब पट्ट्या, इंजिनचे अर्धे-अर्धे भाग, दोन उंच धुराडी, ड्रायव्हरला झोपण्यापुरती एक पेटी आणि छतावर बसवायचे पाच इवलेसे पिवळसर दिवे हाती लागतात. यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा अमेरिकेतल्या एखाद्या कायद्यातून, धंद्यातून किंवा एखाद्या ट्रकवाल्याच्या हौसेतून आलेला आहे. ट्रकला आपल्या मनासारखं रूप द्यायचं असेल तर आधी हे माहीत असावं, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर छतावर पाचाऐवजी चार दिवे बसतात आणि रंगकाम कितीही सफाईदार असलं तरी जाणकाराची नजर तिथेच अडते. ते पाच दिवे शोभेचे नाहीत. ८० इंच किंवा त्याहून रुंद गाडी अंधारात ओळखू यावी म्हणून मधे तीन आणि गाडीची रुंदी दाखवायला दोन्ही कडांना एकेक, असा अमेरिकेतला नियम आहे.

ओढणारी गाडी वेगळी आणि माल वाहणारा सांगाडा वेगळा, ही कल्पना मोटारीइतकीच जुनी. क्लीव्हलंडचा मोटारउत्पादक अलेक्झांडर विंटन याने १८९९ च्या सुमारास आपल्या मोटारी गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला असं वाहन तयार केलं. पुढे १९१४ मध्ये डेट्रॉइटच्या एका लाकूड व्यापाऱ्याला आपली होडी तलावाकाठी न्यायची होती. त्याने ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराला गाठलं. फ्रूहॉफने फोर्ड मॉडेल टीच्या मागे जोडायला दोनचाकी सांगाडा करून दिला. ट्रेलरचं पुढचं अर्धं ओझं ओढणाऱ्या गाडीवरच टेकलेलं, म्हणून तो ‘सेमी-ट्रेलर’. त्याच व्यापाऱ्याने मग लाकडासाठी तसेच ट्रेलर मागवले आणि लोहाराची कंपनी झाली. आजही फ्रूहॉफचं नाव छापलेले १:२५ चे ट्रेलर किट मिळतात, ते याच घराण्यातले.

ओढणाऱ्या गाड्यांपैकी मॉडेलवाल्यांचं सगळ्यात जास्त प्रेम दोन नावांवर आहे. केनवर्थ कंपनी १९२३ मध्ये सिएटलला सुरू झाली. केंट आणि वर्दिंग्टन या भागीदारांची आडनावं जोडून तिचं नाव झालं. पीटरबिल्टची सुरुवात टॅकोमाच्या टी. ए. पीटरमन या लाकडाच्या मोठ्या व्यापाऱ्याने केली. ओंडके जंगलातून उतरवायला मनाजोगते ट्रक मिळेनात, म्हणून १९३९ मध्ये त्याने ओकलंडमधला फेजॉलचा ट्रककारखानाच विकत घेतला. पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवर आणि लांब पल्ल्यांवर टिकतील अशा गाड्या करणं हा या दोन्ही कंपन्यांचा पिंड. इंजिन पुढे, त्यावर लांब नाक, मागे ड्रायव्हर, ही ठेवणही पश्चिमेकडे रुजली.

मग १९७० च्या दशकातल्या किटमध्ये चपट्या तोंडाचे इतके ट्रक कसे? याचं उत्तर लांबीच्या कायद्यात आहे. महामार्गांचं मोठं जाळं १९५६ च्या कायद्याने उभं राहू लागलं खरं, पण गाडी किती लांब असावी हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवत असे. पूर्वेकडच्या अनेक राज्यांत ट्रक आणि ट्रेलर मिळून ५५ फुटांची मर्यादा होती. मोजमाप टोकापासून टोकापर्यंत व्हायचं, त्यामुळे नाकावर घालवलेला प्रत्येक फूट मालाच्या जागेतून वजा व्हायचा. म्हणून ड्रायव्हरला थेट इंजिनावर बसवलं गेलं. अशा गाडीची सगळी केबिन पुढे कलते तेव्हाच खालचं इंजिन दिसतं, आणि चांगल्या किटमध्येही ती तशीच कलते. पुढे १९८२ च्या कायद्याने महामार्गांवर एकूण लांबीवर बंधन घालायची राज्यांची मुभा काढून घेतली. मोजायचा तर फक्त ट्रेलर मोजा असं ठरलं. चपट्या तोंडाच्या गाडीचं मुख्य कारणच संपलं आणि काही वर्षांत अमेरिकन रस्त्यांवरून ती ओसरली. मॉडेलवाल्यांच्या कपाटात मात्र राहिली.

आता किटकडे वळू. डेट्रॉइटच्या वेस्ट गॅलॉगली या वकिलाने १९४८ मध्ये ‘एएमटी’ ही कंपनी काढली. अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज हे तिचं पूर्ण नाव. नव्या फोर्ड गाडीची हुबेहूब छोटी प्रत शोरूममध्ये गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, हा तिचा मूळ व्यवसाय. नावात अ‍ॅल्युमिनियम असलं तरी काम लवकरच प्लास्टिकवर आलं. सुरुवातीचं ते प्लास्टिक वर्षं गेली की वाकडं होई. जुन्या संग्रहात आजही पाठीला पोक आलेल्या मोटारी सापडतात. पॉलिस्टायरीन आल्यावर ही अडचण गेली. ते प्लास्टिक आकार धरून ठेवतं आणि ‘सिमेंट’ म्हणतात तो खास चिकटद्रव लावला की दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात.

माझ्या लेखी या छंदाचा खरा जन्म १९५८ चा. त्या वर्षी एएमटीने ‘एकात तीन’ किट आणले. एकाच डब्यात गाडी कारखान्यातून येते तशी, शर्यतीची किंवा मालकाच्या हौसेने सजवलेली, यांपैकी हवी ती बांधता येईल इतके भाग. बारा वर्षांच्या मुलाला कंपनीने सांगून टाकलं की सूचनापत्रक हा एक पर्याय आहे, हुकूम नाही. जॉर्ज बॅरिससारखे खऱ्या गाड्या कापून-जोडून नवी रूपं देणारे कारागीर कंपनीने सल्ल्याला घेतले. उरलेले भाग मुलं फेकत नसत. ते खोक्यात साठत आणि पुढच्या गाडीला लागत. ‘पार्ट्सचं खोकं’ आजही प्रत्येक मॉडेलवाल्याकडे असतं.

ट्रकची पाळी आली १९७० च्या सुमारास. एएमटीने पीटरबिल्ट ३५९ चं किट ‘कॅलिफोर्निया हॉलर’ या नावाने काढलं. खरी ३५९ तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती; १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षं ती बनत राहिली. पाठोपाठ केनवर्थची डब्ल्यू-९२५, पीटरबिल्टची चपट्या तोंडाची ३५२, व्हाइट फ्रेटलायनर, ऑटोकार, शेव्हरोलेटची टायटन ९० अशी रांगच लागली. मोटारीच्या किटच्या मानाने हा वेगळाच मामला होता. चेसिस उघडी, एअर टाक्या, डिझेलच्या टाक्या, पाट्यांच्या स्प्रिंगा, दोन-दोन मागचे आक्सल, सगळं नजरेसमोर. खऱ्या ट्रकमध्ये झाकण्यासारखं काही नसतं, म्हणून मॉडेलमध्येही लपवाछपवी चालत नाही.

आयोवातल्या अर्टल या खेळणी कंपनीची वाट निराळी. फ्रेड अर्टल यांनी १९४५ मध्ये घरच्या तळघरात अ‍ॅल्युमिनियम वितळवून खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. शेतीयंत्रांच्या कंपन्यांशी, विशेषतः इंटरनॅशनल हार्वेस्टरशी, जुने संबंध. तीच कंपनी ट्रकही बनवत होती. साहजिकच अर्टलच्या किटमध्ये इंटरनॅशनलचे ट्रान्सस्टार आणि पेस्टार आले. रेव्हेल ही किटकंपनीही १:२५ मध्येच उतरली.

आणि नेमक्या त्याच वेळी अमेरिकेत ट्रकवाला लोकनायक झाला. १९७३ च्या तेलटंचाईत डिझेल महागलं, पंप कोरडे पडले आणि चिडलेल्या चालक-मालकांनी डिसेंबरमध्ये महामार्ग अडवले. १९७४ च्या जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेचा कायदा झाला. पोलीस कुठे दबा धरून आहेत, डिझेल कुठे मिळतंय, हे एकमेकांना कळवायला ट्रकवाले सीबी रेडिओवर, म्हणजे सामान्य माणसाला वापरता येणाऱ्या जवळच्या पल्ल्याच्या बिनतारी संचावर, बोलू लागले. त्यांची बोली, टोपणनावं, गाणी घराघरांत गेली. रेडिओचं वेड इतकं वाढलं की १९७७ च्या सुरुवातीला त्याच्या वाहिन्या २३ वरून ४० कराव्या लागल्या. दोन्ही आरशांवर एकेक अँटेना उभी असलेला ट्रक तुम्ही बांधत असाल, तर त्या दोन काड्या त्या काळाच्या आहेत.

सजावटीची रीतही याच चालक-मालकांची. कर्ज काढून घेतलेली गाडी हेच घर, हीच दुकानाची पाटी. क्रोमचा बंपर, पॉलिश केलेल्या टाक्या, दिव्यांच्या ओळी आणि कडेने धावणारे रंगाचे पट्टे ही त्यांची ओळख. लांबीची बंधनं सुटल्यावर झोपायच्या पेट्या मोठ्या झाल्या, चेसिस ताणल्या गेल्या. प्रदर्शनातल्या काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ३०० इंचांवर जातं. आपल्या मापात ते १२ इंच, आणि किटमधली पट्टी तेवढी पुरत नाही.

तिथून खरं काम सुरू होतं. चेसिस मधोमध कापायची, प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा घालायचा, आतून दुसरी पट्टी चिकटवून सांध्याला बळ द्यायचं आणि सपाट काचेवर ठेवून चारही कोपरे टेकतात का बघायचं. इथे घाई केली तर पुढे दहाही चाकं कधीच एकत्र जमिनीला लागत नाहीत. झोपायची पेटी मोठी हवी तर प्लास्टिकच्या शीटमधून कापून उभी करायची. किटमधलं क्रोम हा अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो; धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवला की उतरतो, मग सांधे घासून नव्याने चमक देता येते. जुन्या काळी हे सगळं सुरी, करवत आणि पुट्टीवर व्हायचं. नंतर छोट्या कारागिरांनी रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवात) घडवलेल्या केबिन, चाकं, टाक्या विकायला आणल्या. आता थ्रीडी प्रिंटरवर नटबोल्टसकट भाग निघतात. त्यात मला आनंदच आहे, कारण जो ट्रक कोणत्याही कंपनीने कधी किटमध्ये आणला नाही तो आता हाती येऊ शकतो.

लाट ओसरली तशी कंपन्यांची मालकी फिरली. मॅचबॉक्सवाल्या ब्रिटिश लेस्नीने १९७८ मध्ये एएमटी घेतली; लवकरच ती अर्टलकडे गेली. नवीन साचे थांबले. युरोपातल्या गाड्या इटलीच्या इटालेरीने १:२४ मध्ये सांभाळल्या. जपानच्या तामियाने १९९३ मध्ये ‘किंग हॉलर’ आणून १:१४ चा रिमोटवर चालणारा, गियर बदलणारा ट्रक लोकांच्या हाती दिला आणि त्याचा स्वतंत्र पंथ तयार झाला. प्लास्टिकच्या जुन्या किटना जीवदान मिळालं ते अमेरिकेतल्या राउंड टू कंपनीमुळे. तिने एएमटीचे साचे बाहेर काढून कॅलिफोर्निया हॉलरपासून फ्रूहॉफच्या ट्रेलरपर्यंत पुन्हा बाजारात आणले. मोबियस या किटकंपनीने तर इंटरनॅशनलच्या लोनस्टार ट्रकचा सगळा साचाच नव्याने केला.

आपल्याकडचा ट्रक या कुटुंबात कुठे बसतो? १९५४ पासून टाटा-मर्सिडीज धावू लागल्या, आणि नंतर अनेक दशकं ट्रक घ्यायचा म्हणजे बहुतेकदा इंजिन, चेसिस आणि पुढचा पत्रा घ्यायचा. केबिन आणि हौदा बॉडीबिल्डरकडे सुतार, लोहार, पेंटर मिळून करत. म्हणजे ‘एकात तीन’ची मोकळीक आपल्या खऱ्या ट्रकमध्येच होती. सनबोर्ड आणि फोमशीट कापून टाटाचा किंवा अशोक लेलँडचा ट्रक उभा करणारी आपली मुलं नकळत त्याच रीतीने जातात: आधी चेसिस, मग केबिन, मग हौद्याच्या फळ्या, आणि शेवटी बारीक ब्रशने मागच्या फाळक्यावरचं कमळ.