'अँड'नं वाक्य सुरू केलं की चूक? नाही ओ

"इंग्रजी वाक्य 'अँड' किंवा 'बट'नं सुरू करायचं नसतं", हे खानापूर-निपाणीकडं आम्ही सगळ्यांनीच शाळेत ऐकलंय आणि अजून फॉरवर्ड होतंय. पण ग्रामरमध्ये असा नियमच नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलचा पहिला अध्याय उघडून बघा, ३१ पैकी २९ वचनं 'अँड'नंच सुरू होतात. लहान पोरं प्रत्येक वाक्याला 'अँड' जोडत जातात, बहुतेक ते थांबवायला घातलेला लगाम पुढं नियम होऊन बसला. मी दहावीच्या पोरांना फळ्यावर लिहून देते, 'इट रेन्ड ऑल नाइट. बट द वेल वॉज ड्राय.' आता 'बट' पुसा आणि मोठ्यानं वाचा, वाक्यातलं वळण गेलं ना, मग तो राहू दे, आणि जिथं काढून काहीच फरक पडत नाही तिथं खुशाल खोडा.