पार्श्वभूमी : जॉन्जूचा पहिला पडदा

28 एप्रिल 2000 रोजी दक्षिण कोरियातल्या जॉन्जू शहरात एका नव्या चित्रपट महोत्सवाची सुरुवात झाली, ती ‘ओ! सुजॉन्ग’ या कृष्णधवल चित्रपटाने. दिग्दर्शक होंग सांग-सूचा हा तिसराच चित्रपट. दोन पुरुष, एक बाई आणि दोनदा सांगितलेलं एकच प्रेमप्रकरण. आधी त्याला आठवतं तसं, मग तिला आठवतं तसं. दोन्ही आठवणी जवळपास सारख्या, तरी जुळत नाहीत. एकीत जेवणाच्या टेबलावरून काटा खाली पडतो, दुसरीत चमचा. खरं काय पडलं, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही.

उद्घाटनाला असा चित्रपट लावायला धाडस लागतं. त्या संध्याकाळी पहिल्या रांगांत जाणकार प्रेक्षक कमी आणि मानाचे पाहुणे जास्त असतात, हे महोत्सवांत वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आज कोरियन स्वतंत्र दिग्दर्शकाचा चित्रपट उद्घाटनाला असणं ही कुठल्याही छोट्या महोत्सवाच्या दृष्टीने भूषणाची गोष्ट वाटते. 2000 साली मात्र तिथे ‘स्वतंत्र’ म्हणजे काय, याचंच उत्तर एक नव्हतं.

जॉन्जू हे सहा-साडेसहा लाख वस्तीचं शहर. बिबिम्बाप हा भात-भाज्यांचा पदार्थ आणि कौलारू जुन्या घरांची वस्ती या दोन गोष्टींसाठी लोक तिथे जातात. कोरियन युद्धानंतरच्या दशकात तिथे चित्रपटही तयार होत. पुढे सगळा धंदा सोलमध्ये एकवटला. 1996 मध्ये बुसानने मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केल्यावर चार वर्षांनी जॉन्जूने त्याच्याशी स्पर्धा टाळली आणि वेगळी वाट घेतली : डिजिटल, पर्यायी आणि आशियाई स्वतंत्र सिनेमा. लहान राहणं हे त्या वाटेतच अभिप्रेत होतं.

आता शब्दाकडे येऊ, कारण सगळा गुंता तिथेच आहे. कोरियनमध्ये स्वतंत्र चित्रपटाला ‘दोंग्निप यंगह्वा’ म्हणतात. यातला ‘दोंग्निप’ हा शब्द जपानी राजवटीविरुद्धच्या स्वातंत्र्यचळवळीतलाच. मराठी वाचकाला ते चटकन कळेल, कारण आपल्याकडेही ‘स्वतंत्र’ म्हटलं की आधी देश आठवतो, स्टुडिओ नव्हे. आपण मात्र चित्रपटासाठी ‘समांतर’ हा सौम्य शब्द घेतला. मुख्य रस्त्याच्या बाजूने जाणारा दुसरा रस्ता. कोरियन तरुणांनी भांडणाचा शब्द घेतला.

तोही लगेच नाही. 1984 मध्ये सोलमध्ये विद्यार्थ्यांच्या आणि हौशी मंडळींच्या लघुपटांचा महोत्सव भरला, त्याचं नाव ‘छोट्या चित्रपटांचा महोत्सव’ असंच होतं. लष्करी राजवटीत ‘छोटा’ म्हणणं सुरक्षित होतं. पुढे ‘लोकांचा चित्रपट’, ‘राष्ट्रीय चित्रपट’ असे शब्द आले, त्यांच्यावरून कडाक्याचे वाद झाले. ‘स्वतंत्र’ हा शब्द संघटनेच्या नावात रुजला तो 1990 च्या सुमारास, आणि तेव्हा त्याचा रोख सरकारवर होता. त्याच वर्षी एका गटाने कारखान्यातल्या संपाच्या तयारीवर 16 मिलिमीटर फिल्मवर चित्रपट काढला. सेन्सॉरकडे तो नेलाच नाही. खेळ विद्यापीठांत लागले. ग्वांगजूच्या विद्यापीठात खेळ थांबवायला पोलिसांच्या फौजफाट्याबरोबर हेलिकॉप्टरही आलं. एका प्रोजेक्टरसाठी हेलिकॉप्टर! याच गटाने आधी लष्करी राजवटीविरुद्धच्या 1980 च्या ग्वांगजू उठावाच्या छायेतला एक चित्रपट काढला होता. गटावर खटले चालले, ते घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले आणि 4 ऑक्टोबर 1996 रोजी पूर्व-सेन्सॉरशिप, म्हणजे प्रदर्शनाआधी चित्रपट तपासून घेण्याची सक्ती, घटनाबाह्य ठरली. प्रमाणपत्र अडवून ठेवण्याची पळवाट उरली होती, ती 2001 मध्ये बंद झाली.

सरकारशी असलेलं भांडण बरंचसं मिटल्यावर प्रश्न आला तो ‘स्वतंत्र कुणापासून?’ असा. उत्तर हळूहळू ‘पैशापासून’ असं होत गेलं, पण ते कुणी ठरवून दिलं नाही. जॉन्जूचं पहिलं उद्घाटन नेमकं या मधल्या काळातलं आहे.

त्या चित्रपटाचा दिग्दर्शक विद्यापीठांतल्या लढाऊ गटांतून आलेला नव्हता. पहिला चित्रपट त्याने 1996 मध्येच काढला, तोही चित्रपटधंद्याच्या चौकटीत. दुसरा 1998 मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाला जाऊन आला होता. उद्घाटनाचा चित्रपटही निर्मिती कंपनीच्या पैशातून झाला, 35 मिलिमीटर फिल्मवर, आणि महिन्याभरात नेहमीच्या थिएटरांत लागला. मे महिन्यात तोही कानला गेला. म्हणजे हिशेबाच्या वहीप्रमाणे तो स्वतंत्र नाही, कॅमेऱ्याप्रमाणे तो डिजिटल नाही. मग महोत्सवाने आपलंच ब्रीद पहिल्या संध्याकाळी मोडलं का?

मला तसं वाटत नाही. त्या काळात कोरियन चित्रपटाचा बाजार भराभर वाढत होता, आणि कथा सरळ, वेगवान, स्पष्ट सांगण्याचा दबावही त्याबरोबर वाढत होता. अशा वेळी काटा की चमचा एवढ्या तपशिलावर दोन तास उभा असलेला चित्रपट पहिल्या रात्री लावणं म्हणजे ‘स्वतंत्र’ या शब्दाला तिसरा अर्थ देणं होतं : सांगण्याच्या सवयीपासून स्वतंत्र. चळवळीतून आलेल्या माणसाला हा अर्थ गुळगुळीत वाटू शकतो, आणि त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्यांनी खटले भोगले त्यांचा शब्द इतक्या सहज दुसऱ्याला देता येत नाही. तरी निवड योग्यच होती, असं मी म्हणेन. दुसऱ्या महोत्सवाआधीच चित्रपट निवडणारे दोघेही आयोजकांशी न पटल्याने बाहेर पडले. पहिल्या वर्षीची दिशा मात्र टिकली.

पुढे गंमत अशी झाली की दिग्दर्शकच हिशेबाच्या वहीप्रमाणेही स्वतंत्र होत गेला. 2005 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. 2009 चा चित्रपट साधारण दहा कोटी वॉनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या चाळीसेक लाख रुपयांत, कलाकारांनी मानधन न घेता केला. त्याच वर्षी जॉन्जूच्या डिजिटल लघुपट योजनेसाठी त्याने एक लघुपट केला. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी बसून त्या दिवसाचे संवाद लिहायचे आणि ताजे ताजे नटांच्या हातात द्यायचे, ही त्याची पद्धत. 2021 पासून कॅमेराही तोच धरतो.

शब्दाची परवड मात्र थांबली नाही. 2007 पासून सरकारी कागदांत ‘विविधता चित्रपट’ असं नवं खातं निघालं. त्यात स्वतंत्र, कला, माहितीपट सगळं एकत्र. परिणाम 2014 मध्ये दिसला : हॉलिवूडच्या नामांकित तारे-तारकांचा एक संगीतप्रधान चित्रपट त्या खात्यात नोंदला गेला आणि चौतीस लाखांच्या आसपास प्रेक्षक मिळवून यादीत वर जाऊन बसला. दहा कोटी वॉनचा कोरियन चित्रपट आणि हा, दोघे एकाच रकान्यात. काही वर्षांनी तो शब्द मागे पडला आणि ‘स्वतंत्र व कला चित्रपट’ ही जोडी आली. आज स्वतंत्र असणं ही त्या व्यवस्थेत अर्ज करून मिळवायची मान्यता आहे. संपावरचा तो जुना चित्रपट 1 मे 2019 रोजी रीतसर थिएटरांत लागला.

छोट्या महोत्सवांचं चित्र अलीकडे फार बदललं आहे. 2022 मध्ये पूर्व किनाऱ्याकडच्या गांगनुंग आणि प्योंगचांगचे महोत्सव बंद पडले. गांगनुंगचा किनारा याच दिग्दर्शकाच्या चित्रपटांतून जगाला ओळखीचा झाला आहे, म्हणून ते जास्त लागतं. त्याच डिसेंबरात जॉन्जू महोत्सवाच्या सहप्रमुखपदी एका लोकप्रिय नटाची नेमणूक झाली आणि संचालक मंडळातले तिघे राजीनामा देऊन बाहेर पडले. राजीनामा देणाऱ्यांतला एक नट या दिग्दर्शकाच्या अलीकडच्या अनेक चित्रपटांत आहे. 2024 मध्ये महोत्सवांना मिळणारी केंद्रीय मदत जवळपास निम्मी झाली. मदत मिळणारे महोत्सव 40 वरून 10 वर आले. आणि 2025 च्या सरकारी अंदाजपत्रकाचा मसुदा आला तेव्हा, सोलमधला सर्वांत जुना स्वतंत्र चित्रपट महोत्सव पन्नासाव्या वर्षाची तयारी करत होता. त्याच्यासाठीची वेगळी तरतूद त्यात काढून टाकलेली होती.