रोड हिल हाउस

इंग्लंडमधील विल्टशायर आणि सॉमरसेट या परगण्यांच्या सीमेवर, रोड या खेड्यालगत असलेली तीन मजली जॉर्जियन कोठी. २९ जून १८६० च्या रात्री या कोठीतून सॅव्हिल केंट हा जेमतेम पावणेचार वर्षांचा मुलगा नाहीसा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे प्रेत आवारातल्या शौचकूपात दडवलेले सापडले. बड्या घरातला खून, दडवलेले प्रेत, घरातच असलेला खुनी आणि बाहेरून आलेला गुप्तहेर ही इंग्रजी रहस्यकथेची नेहमीची मांडणी बऱ्याच अंशी या खटल्यावरून घडली. त्यामुळे या वास्तूचे नाव गुन्ह्यांच्या इतिहासाइतकेच साहित्याच्या इतिहासातही घेतले जाते.

घरमालक सॅम्युएल केंट हे सरकारी कारखाना उपनिरीक्षक होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी घरातल्याच गव्हर्नेसशी, म्हणजे मुलांच्या शिक्षिकेशी, १८५३ मध्ये लग्न केले होते. सॅव्हिल हा या दुसऱ्या पत्नीचा मुलगा. पहिल्या पत्नीची चार मुले याच घरात राहत, आणि त्यांतली सोळा वर्षांची कॉन्स्टन्स व तिचा धाकटा भाऊ विल्यम सुटीसाठी शाळेतून घरी आली होती. त्या रात्री घरात एकूण १२ माणसे झोपली होती : नऊ कुटुंबातली आणि तीन नोकरवर्गातल्या स्त्रिया. ही मोजदाद नुसत्या तपशिलाची नाही. घर आतून बंद होते, त्यामुळे संशयितांची यादी या बारांपाशीच जवळजवळ संपत होती.

पहाटे पाचच्या सुमारास आया एलिझाबेथ गॉफ हिला मुलाचा पलंग रिकामा दिसला. आईने त्याला आपल्या खोलीत नेले असेल असे समजून ती पुन्हा झोपली. सात वाजून गेल्यावर तिने मालकिणीला विचारले तेव्हा मूल तिथेही नसल्याचे कळले. दिवाणखान्याच्या खिडकीच्या झडपा उघड्या होत्या, पण बाहेरून कोणी फोडून आल्याची खूण नव्हती. केंट स्वतः ट्रोब्रिजला पोलिसांना आणायला निघाले. दरम्यान गावातल्या विल्यम नट आणि थॉमस बेंजर या दोघांनी आवार धुंडाळायला घेतले. झुडपांआड नोकरांसाठी बांधलेला शौचकूप होता. आत जमिनीवर रक्त दिसले. बेंजरने बैठकीखाली हात घातला तेव्हा हाताला ब्लँकेट लागले आणि त्याच्याखाली मूल सापडले. गळा जवळजवळ मानेच्या हाडापर्यंत चिरलेला होता, छातीत भोसकल्याची जखम होती.

प्रेत खोल खड्ड्यात गेले असते तर ते मिळायला किती काळ लागला असता, सांगता येत नाही. बैठकीखाली शिंतोडे अडवण्यासाठी एक तिरकी फळी बसवलेली होती, तिच्यावर ते अडकून राहिले. लपवण्याची जागा विचारपूर्वक निवडलेली असेल, पण फळीचा विचार करायचा राहिला. शोध सुरू झाल्यापासून थोड्याच वेळात प्रेत हाती आले, आणि या प्रकरणातली खरी लपवाछपवी त्यानंतर सुरू झाली. या घरात प्रेत लपून राहिले नाही. नाहीसे झाले ते कपडे.

त्याच दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या बॉयलरच्या खाचेत पोलिसांना कागदात गुंडाळलेला, रक्ताने माखलेला बायकी अंतर्वस्त्राचा तुकडा मिळाला. तो ज्याने ठेवला तो परत न्यायला येईल या हिशेबाने पोलिसांनी तो पुन्हा तिथेच ठेवला. रात्री दोन शिपाई स्वयंपाकघरात पाळतीवर होते, आणि केंट यांनी त्या दारालाच बाहेरून कडी घातली. पुढे ते वस्त्र नाहीसे झाले. स्थानिक अधीक्षक फोली यांनी ते मासिक पाळीचे असावे असे ठरवून विषय मिटवला, आणि पोलिसांनी या शोधाबद्दल कित्येक महिने कोणाला काहीच सांगितले नाही. सभ्य घरात कपड्यांचे गाठोडे उचकटणे हे त्या काळी प्रेत शोधण्यापेक्षाही अवघड होते, असे म्हणण्याचा मोह इथे होतो.

जुलैच्या मध्यास स्कॉटलंड यार्डचे जोनाथन विचर तिथे पोहोचले. १८४२ मध्ये लंडन पोलिसांचा गुप्तहेर विभाग सुरू झाला तेव्हाच्या आठ जणांपैकी ते एक होते. विचर यांनी रक्ताचा डाग शोधण्याऐवजी न सापडणारी वस्तू शोधली. कॉन्स्टन्सच्या सामानाच्या यादीत तीन नाइटगाऊन होते, प्रत्यक्षात दोनच होते. तिसरा परटीणीकडून हरवला, असे घरचे सांगत. परटीण हे मान्य करीत नव्हती. विचर यांचा तर्क असा : सोमवारी धुण्याची टोपली बांधली जात असताना कॉन्स्टन्सने दासी सारा कॉक्सला आपल्या झग्याच्या खिशात पैशांचा बटवा राहिला आहे का ते पाहायला आणि मग पाणी आणायला पाठवले. तेवढ्या अवधीत तिने टोपलीतून रक्ताचा डाग नसलेला एक गाऊन काढून घेतला. खुनाच्या रात्रीचा गाऊन तिने आधीच नष्ट केलेला असल्याने या युक्तीमुळे हरवल्याचा दोष परटीणीवर जाणार होता. तर्क सुंदर होता, पण पुरावा म्हणून हातात काहीच नव्हते. नसलेला कपडा न्यायालयात मांडायचा कसा?

जुलै १८६० मध्ये कॉन्स्टन्सला अटक झाली आणि मॅजिस्ट्रेटसमोरच्या सुनावणीत तिला जामिनावर सोडून देण्यात आले. वृत्तपत्रांचा राग मुलीवर नव्हता. एका साध्या घरातून आलेला पोलीस सभ्य मुलीच्या कपड्यांची मोजदाद करतो, याची लोकांना चीड आली. पुढे आया गॉफवरही संशय घेतला गेला आणि तीही सुटली. विचर यांची प्रतिष्ठा ढासळली, १८६४ मध्ये ते निवृत्त झाले. चार्ल्स डिकन्स यांच्या मते तर बाप आणि आया यांनी मिळून हे कृत्य केले होते. केंट कुटुंब ते घर सोडून गेले.

एप्रिल १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने लंडनमधील बो स्ट्रीट न्यायालयात येऊन स्वतःहून गुन्हा कबूल केला. मधल्या काळात ती ब्रायटनच्या एका धार्मिक आश्रमात राहत होती. तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली, नंतर ती जन्मठेपेत बदलली. २० वर्षांच्या तुरुंगवासानंतर १८८५ मध्ये ती सुटली आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात गेली. तिथे रूथ एमिली के या नावाने तिने परिचारिका म्हणून आयुष्य काढले. १९४४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी तिचे निधन झाले. भाऊ विल्यम पुढे समुद्री जीवांचा अभ्यासक झाला आणि ग्रेट बॅरियर रीफवरील त्याचा ग्रंथ १८९३ मध्ये निघाला.

साहित्यावरचा परिणाम लवकरच दिसू लागला. विल्की कॉलिन्स यांच्या १८६८ मधील ‘द मूनस्टोन’ या कादंबरीत रंगाचा डाग पडलेला आणि नाहीसा झालेला नाइटगाऊन आहे, बाहेरून आलेला गुप्तहेर आहे आणि स्वतःच्या इज्जतीपुढे त्याला दार न उघडणारे घर आहे. मूळ खटल्यातला रक्ताचा डाग तिथे रंगाचा झाला, मूल जाऊन हिरा आला. वाचकाला घरात शिरू देण्यासाठी हा बदल बहुधा आवश्यक होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अशा रहस्यकथांचे इतके पीक आले की लेखकांना नियम लिहावे लागले. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांच्या १९२९ मधल्या दहा नियमांपैकी एकात गुप्त खोली किंवा भुयार एकाहून जास्त नसावे, असे बजावलेले आहे. केंटांच्या घरात असे एकही नव्हते. बॉयलरची खाच, धुण्याची टोपली आणि बाहेरून घातलेली कडी एवढ्यावरच रहस्य पाच वर्षे टिकले.

कोठीचे नाव पुढे बदलून लँगम हाउस करण्यात आले. कबुलीजबाबात कॉन्स्टन्सने नाइटगाऊनचाही उलगडा केला : तो तिने आधी धुतला, नंतर आपल्या खोलीत जाळला आणि राख स्वयंपाकघरातल्या चुलीत टाकली. हत्यार म्हणून तिने बापाचा वस्तरा सांगितला. छातीतली जखमही त्यानेच केल्याचे तिने सांगितले, पण ती वस्तऱ्याने होण्यासारखी नव्हती. कॉन्स्टन्स एकटी नव्हती, विल्यमही सामील असावा, अशी शंका त्यामुळे अजून काही अभ्यासक घेतात.