वार्षिक प्रवासीसंख्या (शहरी बस व फेरीबोट)

शहरातील बस आणि फेरीबोट मार्गांवर एका वर्षात प्रवासी किती वेळा वाहनात चढले, याची बेरीज म्हणजे वार्षिक प्रवासीसंख्या. ती मार्गवार काढतात, आगारवार काढतात आणि शेवटी सगळ्या शहराचा एक आकडा जाहीर होतो. परिवहन संस्थेच्या अहवालात उत्पन्नाखालोखाल नजर जाते ती या आकड्यावर. अनुदान किती मिळणार, नव्या गाड्या कोणत्या मार्गाला जाणार, बोटीचा तोट्यातला धक्का चालू राहणार की बंद होणार, हे बरेचसे त्यावर ठरते. मात्र हा आकडा मोजलेला कमी आणि हिशेबाने बसवलेला जास्त असतो. बोटींच्या बाबतीत तो खऱ्याच्या पुष्कळ जवळ जातो. बसच्या बाबतीत तसा भरवसा देता येत नाही.

चढणे आणि प्रवास

रोज बसने कामावर जाऊन परत येणारा एकच माणूस वर्षाच्या बेरजेत साधारण पाचशेंची भर घालतो. वाटेत एकदा गाडी बदलत असेल तर हजाराची. त्यामुळे दहा लाख वस्तीच्या शहराने वर्षात दहा कोटी प्रवासी वाहिले, यात अचंब्यासारखे काही नाही.

घरापासून धक्क्यापर्यंत बस, मग बोट, पलीकडे उतरून पुन्हा बस, अशा एका प्रवासाची नोंद दोन प्रकारे होऊ शकते. माणूस एकदाच निघाला आणि एकदाच पोचला म्हणून प्रवास एक. तो तीन वाहनांत चढला म्हणून चढणी तीन. अमेरिकेत संघीय सरकारच्या राष्ट्रीय परिवहन माहितीसंचात दुसरी पद्धत आहे. गाडी बदलली की नवी नोंद. जगभर बहुतेक संस्था हीच वापरतात, कारण ती सोपी आहे. अख्खा प्रवास जुळवायचा तर तोच माणूस पुढच्या गाडीत चढला हे कळावे लागते, आणि कागदी तिकिटांच्या काळात ते जवळजवळ अशक्य होते.

सोपेपणाची किंमत पुढे मोजावी लागते. ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये आपले बसचे सगळे जाळे एका रात्रीत बदलले: शहराच्या मध्याकडे धावणाऱ्या लांबलचक मार्गांऐवजी एकमेकांना छेदणारे, वारंवार गाड्या असलेले सरळ मार्ग. अशा जाळ्यात गाडी बदलणे गृहीतच असते, म्हणजे प्रवासी तेवढेच राहिले तरी चढणी वाढतात. लंडनने सप्टेंबर २०१६ मध्ये पहिल्या तिकिटापासून तासाभरात दुसरी बस फुकट केली, आणि २०१८ पासून त्या तासात कितीही बस बदलण्याची मुभा दिली. अशी सवलत मिळाली की पूर्वी दोन थांबे चालत जाणारा माणूसही बसमध्ये चढतो. ही वाढ खोटी नाही, पण ती नव्या प्रवाशांची म्हणून मिरवणेही बरोबर नाही.

बसमधली मोजणी

वाहक असलेल्या बसमध्ये सगळी मदार वेबिलावर, म्हणजे वाहकाच्या तिकिटांच्या नोंदपत्रावर असे. पाळी सुरू होताना प्रत्येक दराच्या गठ्ठ्यातले पहिले तिकीट कोणत्या क्रमांकाचे, पाळी संपताना शेवटचे कोणते. वजाबाकी केली की तिकिटे किती गेली ते कळे. वाटेतल्या ठराविक थांब्यांवरही क्रमांक टिपले जात, म्हणून कोणत्या टप्प्यात किती माणसे चढली याचा अंदाज येई. तिकीट यंत्र आल्यावर हेच काम आपोआप आणि वेळेच्या शिक्क्यासह होऊ लागले. विनातिकीट प्रवासी मात्र दोन्हीकडे बाहेरच राहतो.

खरी अडचण पासधारकांची. महिन्याचा पास काढलेला माणूस वाहकाला पास दाखवतो आणि बसतो. कोठेही काही फाटत नाही, छापले जात नाही. मग संस्था एक गुणक धरतात: विकलेले पास, गुणिले महिन्याचे दिवस, गुणिले दिवसाच्या खेपा. हा गुणक कधीतरी झालेल्या पाहणीतून आलेला असतो आणि वर्षानुवर्षे तसाच वापरला जातो. रविवारी घरी बसणारा विद्यार्थीही त्यात रोज दोनदा प्रवास करतो. पुढे पास कार्डावर आला आणि प्रत्येक चढणीची नोंद होऊ लागली की आकडा एकदम खाली येऊ शकतो, आणि प्रवासी दुरावल्याची ओरड सुरू होते. दुरावलेले कोणीच नसते.

कार्डाच्या पद्धतीलाही तिची मर्यादा आहे. लंडनच्या बसमध्ये चढताना कार्ड लावायचे असते, उतरताना नाही. कोण कोठे उतरले हे मग त्याच कार्डाच्या पुढच्या नोंदीवरून ताडावे लागते: सकाळी इथे चढला, संध्याकाळी तिथून परत निघाला, म्हणजे सकाळी तिथेच कुठेतरी उतरला असणार. बहुतेकांच्या बाबतीत हे जमते. परतताना मित्राच्या गाडीतून गेलेल्याच्या बाबतीत जमत नाही.

अलीकडे भर आहे तो दारावर बसवलेल्या मोजणी यंत्रांवर. पूर्वी पायरीखाली दाबपट्ट्या असत, नंतर अवरक्त किरणांचे झोत आले, आता दाराच्या वर दुहेरी कॅमेरा असतो आणि खालून जाणाऱ्या डोक्यांची उंची व दिशा पाहून तो चढणारा-उतरणारा ठरवतो. मोकळ्या गाडीत हे यंत्र उत्तम चालते. गर्दीत दोघे खांद्याला खांदा लावून चढले की ते कधी एकच मोजते. दाराशी उभा असलेला प्रवासी इतरांना वाट देण्यासाठी खाली उतरून परत चढला, तर त्याची दोनदा नोंद होते. पाय मोकळे करायला खाली उतरलेला चालकही कधी प्रवासी ठरतो. गाडी बंद पडली आणि सगळे मागच्या गाडीत बसवले, तर ती सगळी माणसे नव्याने मोजली जातात.

ही चूक पकडायला एक साधी फूटपट्टी आहे: खेप संपताना गाडी रिकामी होते, म्हणून चढलेले आणि उतरलेले सारखेच असले पाहिजेत. समजा एका खेपेत यंत्राने ८६ जण चढताना आणि ८१ उतरताना पाहिले. पाच माणसे गाडीत अडकलेली नाहीत हे उघड आहे. मग प्रणाली दोन्ही बाजूंनी थोडेथोडे जुळवून मधला आकडा काढते, आणि फरक ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर ती खेपच बाद करते. वर्तुळाकार मार्गांवर ही सोय नसते, कारण तिथे गाडी कोठेच पूर्ण रिकामी होत नाही. फरक साचत जातो आणि दुपारपर्यंत गाडीत उणे तीन प्रवासी असल्याची नोंद सापडू शकते.

सगळ्याच गाड्यांवर यंत्रे नसतील तर नमुना घेतात. ठरावीक खेपा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या, त्यांत माणूस बसवून मोजायचे आणि वर्षभरासाठी फुगवायचे. अमेरिकेच्या नियमांनुसार अशा अंदाजाची अचूकता ९५ टक्के खात्रीने अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असली की पुरते. याउलट सगळ्या खेपांची मोजणी करणाऱ्या संस्थेच्या दोन टक्क्यांपर्यंत खेपांची नोंद हुकली तर ती सरासरीने भरून काढता येते. त्याहून जास्त हुकली तर संख्याशास्त्रज्ञाची संमती लागते. नियम वाजवी आहेत. पण नमुन्यावर चालणारी संस्था यंदा प्रवासी तीन टक्क्यांनी वाढल्याचे पत्रक काढते, तेव्हा त्या तीन टक्क्यांचे फारसे मनावर घेऊ नये.

बोटीवरची मोजणी

बसमध्ये प्रवासी मोजतात पैशासाठी. बोटीवर आधी जिवासाठी. प्रत्येक प्रवासी बोटीला किती माणसे घेता येतील याची मर्यादा परवान्यात लिहिलेली असते आणि ती ओलांडणे गुन्हा असतो. युरोपीय संघाच्या १९९८ च्या निर्देशानुसार प्रवासी जहाज सुटण्यापूर्वी त्यावरच्या माणसांची मोजदाद होऊन ती कप्तानाला कळवावी लागते. बंदराच्या आतल्या पाण्यापुरत्या चालणाऱ्या सेवांना सवलती आहेत. शिवाय बोटीत शिरायची वाट बहुधा एकच, तीही अरुंद. तिथे एक खलाशी हातातल्या गणकयंत्राचे बटण दाबत उभा असतो किंवा फिरते फाटक बसवलेले असते. मर्यादा गाठली की साखळी लागते.

साखळीमागे राहिलेल्यांची नोंद मात्र सहसा कोणी करत नाही. भरून सुटणाऱ्या बोटीची प्रवासीसंख्या म्हणजे तिच्या आसनांची संख्या. मागणी किती होती ते त्यातून कळत नाही. त्यामुळे गर्दीच्या मार्गाचा आलेख वर्षानुवर्षे सपाट दिसतो आणि मोठी बोट आली की एकाएकी उसळतो.

न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी १९९७ पासून फुकट आहे. सुमारे ८ किलोमीटरचा हा पल्ला २५ मिनिटांचा. दोन्ही टोकांना सगळ्यांनी खाली उतरलेच पाहिजे असा दंडक असल्यामुळे, नुसती हवा खायला आलेला पर्यटकही बाहेर पडून पुन्हा रांगेतून येतो आणि दोनदा मोजला जातो. ॲमस्टरडॅममध्ये मध्यवर्ती स्थानकामागून पलीकडे जाणाऱ्या बोटी पादचारी आणि सायकलस्वारांना फुकट आहेत. तिकीटच नाही, म्हणून तिकिटावरून मोजणीही नाही. कोपनहेगनने तर बोटींना बसच्याच यादीत बसवले आहे: बंदरातल्या बोटींना ९९१ आणि ९९२ असे मार्गक्रमांक आहेत आणि बसचे तिकीट त्यांवर चालते. तिथे बस आणि बोट यांची वेगळी बेरीज मुद्दाम मागावी लागते.

वर्ष कोणते

ब्रिटन आणि भारतात अहवालाचे वर्ष एप्रिल ते मार्च, ऑस्ट्रेलियात जुलै ते जून. लंडनची परिवहन संस्था महिने मानतच नाही. ती वर्षाचे चार-चार आठवड्यांचे तेरा भाग पाडते, म्हणजे बहुतेक भागांत रविवार सारखेच येतात आणि तुलना सरळ होते. लीप वर्षातला जादा दिवस, कामाच्या दिवशी आलेल्या सुट्ट्या, शाळा सुरू होण्याची तारीख यांनी एखादा टक्का सहज इकडचा तिकडे होतो.

चढउतार

भाडे वाढले की प्रवासी घटतात. अमेरिकेत ‘सिम्पसन-कर्टिन नियम’ म्हणून ओळखला जाणारा ढोबळ आडाखा सांगतो की भाडे १० टक्के वाढले तर प्रवासी सुमारे ३.३ टक्क्यांनी कमी होतात. तो दगडावरची रेघ मात्र नव्हे: गर्दीच्या वेळी कामावर निघालेला माणूस भाडे वाढले म्हणून घरी बसत नाही, दुपारचा प्रवासी बसतो. एस्टोनियाची राजधानी टालिनने २०१३ पासून आपल्या रहिवाशांना शहरातली सार्वजनिक वाहतूक फुकट केली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याने ऑगस्ट २०२४ मध्ये बस, रेल्वे आणि बोट सगळ्यांचे भाडे ५० सेंट ठरवले. रहिवाशांना फुकट करूनही टालिनने कार्ड लावायला सांगितले, ते मोजणी बुडू नये म्हणूनही उपयोगी पडले.

बोटीच्या आकड्याचा मोठा शत्रू म्हणजे पूल. सिडनीचा बंदरावरचा पूल १९ मार्च १९३२ रोजी खुला झाला आणि तिथल्या बोटींचे प्रवासी निम्म्याहून खाली आले. सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पूल १९३७ मध्ये झाला आणि काही वर्षांतच त्या पाण्यावरच्या जुन्या बोटी थांबल्या. पुढे पुलावरच मोटारींची कोंडी होऊ लागली, आणि १९७० मध्ये खुद्द पुलाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेनेच बोट पुन्हा सुरू केली. हाँगकाँगच्या स्टार फेरीला आधी १९७२ चा बोगदा आणि मग १९८० ची पाण्याखालून जाणारी रेल्वे, असे दोन फटके बसले. त्याच स्टार फेरीच्या भाडेवाढीवरून १९६६ मध्ये दंगल उसळली होती. एका मार्गाची बोट शहराला किती लागते याचा तोही एक पुरावा.

निसर्गाचा फटका वेगळा. ब्रिस्बेनमध्ये जानेवारी २०११ च्या पुराने नदीवरचे अनेक धक्के उखडले आणि बोटी थांबल्या. अशा वर्षाचा आकडा आधीच्या वर्षाशी ताडून मार्गाचे भवितव्य ठरवणे हा शुद्ध अडाणीपणा होईल. धक्का चालू होता त्या दिवसांची सरासरी काढावी.

२०२० च्या साथीत अडचण दुहेरी होती. प्रवासी तर गेलेच, मोजणीही गेली. चालकाला संसर्ग होऊ नये म्हणून लंडनने २० एप्रिलपासून मधल्या दाराने चढवायला सुरुवात केली आणि कार्ड लावण्याची सक्ती काही आठवडे उठवली. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी मागच्या दाराने फुकट प्रवेश दिला. ज्या संस्थांची मोजणी कार्डावर होती त्यांच्याकडे त्या आठवड्यांचा भरवशाचा आकडाच नाही. ज्यांच्या दारांवर यंत्रे होती त्यांच्याकडे आहे. तरीही २०१९ हे आधारवर्ष धरून टक्केवारी काढण्याची पद्धत सगळीकडे रूढ झाली.

इतर मापे

दोन किलोमीटर जाणारा आणि वीस किलोमीटर जाणारा, दोघेही प्रवासीसंख्येत एकेकच. म्हणून तिच्या जोडीने प्रवासी-किलोमीटर, म्हणजे प्रत्येक प्रवासी किती किलोमीटर गेला याची बेरीज, काढतात. गाडी किती भरून धावली हे भारमानावरून कळते: उपलब्ध आसन-किलोमीटरपैकी किती टक्के वापरले गेले. लांब मार्गावर प्रवासी कमी आणि भारमान चांगले, तर शहराच्या मध्यातल्या छोट्या मार्गावर याच्या उलट, असे नेहमी दिसते. मार्गाची खरी कार्यक्षमता पाहायची तर गाडीच्या प्रत्येक सेवातासामागे किती चढणी झाल्या ते काढतात. बस आणि बोट यांची तुलना मात्र या मापानेही नीट होत नाही, कारण बोटीचा तास इंधन आणि खलाशी धरून कितीतरी महाग पडतो. वेळापत्रक आखणाऱ्याला तर वर्षाच्या बेरजेपेक्षा एकच जागा जास्त महत्त्वाची असते: मार्गावरचा तो थांबा, जिथून पुढे सकाळच्या तासात गाडी सर्वांत जास्त भरलेली असते. किती गाड्या लागतील ते तिथल्या आकड्यावर ठरते.