पाखलो, घाटी, खापरी : गोव्यातल्या थट्टेमागचा इतिहास

‘मी त्याच्या रंगावर बोललो नाही, जातीवर बोललो नाही. तो कुठला, एवढ्यावरूनच तर मस्करी केली.’ हा बचाव गोव्यात नेहमी ऐकू येतो. किनाऱ्यावर रशियन पर्यटकाच्या बोलण्याची नक्कल होते, नायजेरियन तरुणाच्या पाठीमागे ‘खापरी’ म्हटलं जातं, घाटावरून आलेला मजूर तर ‘घाटी’च. कुणी हरकत घेतली की त्यालाच विचारतात, ‘तुला मस्करी समजत नाही का?’ देश म्हणजे कागदावरची गोष्ट आणि वंश रक्तातली, तेव्हा देशावरच्या विनोदात वंशद्वेष कुठून आला, असा हा युक्तिवाद. गोव्याच्या भूमीवर तो टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे. इथे माणूस कुठे जन्मला यावरून त्याला नाव पडलं आणि त्याच नावावरून त्याची पायरीही ठरली.

1510 मध्ये अफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतल्यानंतर इथल्या पोर्तुगीज समाजाची उतरंड जन्मस्थानावर बेतली गेली. पोर्तुगालमध्ये जन्मलेला सर्वांत वर. पोर्तुगीज आईबापांच्या पोटी इथे जन्मलेला त्याच्या खाली, मिश्र रक्ताचा मेस्तिसो आणखी खाली आणि बाप्तिस्मा घेतलेला गोवेकर त्याहून खाली. या गोवेकराला ‘कानारी’ म्हणत, आणि तो शब्द हळूहळू शिवीसारखा झाला. हिंदू तर या शिडीवर जवळजवळ नव्हतेच. आफ्रिकेतून आणलेले गुलाम सर्वांच्या तळाशी होते, आणि त्यांनाच ‘खापरी’ म्हणत. 1580 च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने इथल्या भर रस्त्यावर चालणाऱ्या गुलामांच्या विक्रीचं वर्णन केलं आहे. पोर्तुगीज साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करणारा हुकूम निघायला 1869 साल उजाडलं. आज ‘खापरी’ म्हणून हसणाऱ्याच्या मनात हे काही नसेलही, पण ज्याला तो शब्द लागतो त्याच्यापुढे हा सारा इतिहास उभा राहतो.

या कथेतली सर्वांत बोलकी तारीख आहे 2 एप्रिल 1761. पोर्तुगालचा प्रधानमंत्री पोंबाल याच्या काळात निघालेल्या राजाज्ञेने आशियातल्या आणि पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतींत जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचा दर्जा दिला. आज्ञा तिथेच थांबली नाही. या लोकांना काळे, मेस्तिसो किंवा तशाच अपमानकारक नावांनी हिणवणं हा तिने शिक्षापात्र गुन्हा ठरवला. म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी लिस्बनमधल्या राज्यकर्त्यांनीसुद्धा हे ओळखलं होतं की नोकरीत बरोबरी द्यायची तर तोंडावरच्या हिणवण्यालाही हात घालावा लागेल. गोव्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि चर्चमधल्या वरिष्ठांनी ही आज्ञा दाबून धरली. पोंबालने पुन्हा बजावल्यावर 1774 मध्ये ती इथे जाहीर झाली. मनं मात्र बदलली नाहीत. देशी धर्मगुरूंना वरची पदं मिळेनात, देशी लष्करी अधिकाऱ्यांना बढती मिळेना, आणि 1787 मध्ये पोर्तुगीज सत्ता उलथवण्याचा, पिंटोंचा कट म्हणून ओळखला जाणारा कट शिजला. कट फुटला, पुढच्या वर्षी पंधरा जणांना देहदंड झाला. हिंदूंना तर कायद्यापुढच्या बरोबरीसाठी 1910 च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकापर्यंत थांबावं लागलं.

गोवेकरानेही त्याच शिडीवर इतरांना खाली ढकललं, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत जनगणनेत गोवेकरांची नोंद इतर भारतीयांपासून वेगळी होत असे आणि पोर्तुगीज प्रजा म्हणवून घेण्यात अनेकांना मोठेपणा वाटे. तोच गोवेकर मुंबईत स्वयंपाकी, वादक किंवा खलाशी म्हणून उतरला की ‘मकापाव’ ठरायचा, म्हणजे गोव्याच्या ख्रिस्त्याला हिणवायचा शब्द त्याला चिकटायचा. हिंदी सिनेमाने पुढे त्याला कायमचा दारूडा करून टाकला. इकडे गोव्यात गोऱ्या शिपायाला ‘पाखलो’ म्हणत. मला हा शब्द वेगळा वाटतो, कारण तो खालून वर फेकलेला होता. पाखल्याची त्याने नोकरी गेली नाही की घर गेलं नाही. सासष्टी आणि बार्देश या गोव्यातल्याच दोन तालुक्यांतले लोक एकमेकांची खोड काढतात, तीही निर्मळ थट्टाच. दोघेही या मातीतले, कुणी कुणाला भाड्याची खोली नाकारत नाही.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि एका दिवसात सगळ्यांचं राष्ट्रीयत्व बदललं. चेहरे, आडनावं, भाषा तीच राहिली. नंतरच्या काळात ‘घाटी’ या शब्दाला राजकीय धार चढली. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हा प्रश्न होता. विलीनीकरणाच्या विरोधात 1,72,191 मतं पडली, बाजूने 1,38,170. निकाल लोकांनी दिला, तो मान्यच. पण त्या प्रचारात आणि कोकणीला राजभाषा करणाऱ्या 1987 च्या कायद्याआधीच्या आंदोलनात मराठीवर प्रेम करणारा गोवेकरही ‘घाटी’ ठरवला गेला, आणि तो सल इथल्या मराठी घरांत अजून आहे. म्हणूनच आपल्यापैकी कुणी बांधकामावरच्या कन्नड मजुराला तोच शब्द वापरतो तेव्हा मला जास्त वाईट वाटतं.

देश आणि वंश यांची ही फारकत कायद्यानेही तपासून पाहिली आहे. 1965 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वांशिक भेदभावाच्या व्याख्येत राष्ट्रीय मूळ आलं, नागरिकत्व मात्र बाहेर राहिलं. ब्रिटनमध्ये एका पोलिश माणसाला पालिकेच्या घरांच्या यादीत घेतलं गेलं नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने हा भेद राष्ट्रीयत्वावरून आहे, म्हणून कायद्यात बसत नाही, असा निर्णय दिला. ती फट 1976 च्या कायद्याने बुजवली आणि राष्ट्रीयत्व वंशाच्या व्याख्येत घातलं. 1994 मध्ये आयरिश विनोदांनी कामावर सतत छळल्या गेलेल्या उत्तर आयर्लंडच्या एका कामगाराला औद्योगिक न्यायाधिकरणाने भरपाई मिळवून दिली. हे नुसते विनोद होते, हा बचाव तिथे चालला नाही.

भारतात चित्र वेगळं आहे. संविधानाचं 15 वं कलम वंश आणि जन्मस्थानावरून भेद करायला मनाई करतं, पण ते नागरिकांपुरतं. सरदारजींवरच्या विनोदांवर बंदी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मान्य केली नाही. लोकांनी कसं वागावं याची नैतिक नियमावली न्यायालय घालून देऊ शकत नाही, असं म्हटलं. 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाच्या केसांवरून टिंगल सुरू झाली, मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक हिणवण्यासाठी स्वतंत्र कलमं सुचवली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती नाहीत.

गोव्यात 2013 च्या ऑक्टोबरअखेर पर्रा इथे एका नायजेरियनाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला आणि राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. मंत्र्याने नंतर दिलगिरी व्यक्त केली. आज पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेल्या सासष्टीच्या मुलाला कामावर कुणी त्याच्या देशावरून छळलं, तर तिथला 2010 चा समानता कायदा त्याच्या पाठीशी आहे. त्याच्याच गावात भाड्याने राहणाऱ्या नायजेरियन मुलाच्या पाठीशी असं एकही कलम नाही.