व्हेंटिलेटरवरच्या मुलाचा पीसीआर अहवाल

न्यूमोनिया बळावलेले मूल बालरोग अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर असते, तेव्हा संसर्ग विषाणूचा, जिवाणूचा की दोन्हींचा, हे एक्स-रे पाहून खात्रीने सांगता येत नाही. लहान मुलांना खोकून बेडका काढता येत नाही, रक्ताच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) न्यूमोनियाचा जंतू क्वचितच सापडतो आणि त्या आधी प्रतिजैविकाचा डोस गेलेला असेल, तर जिवाणू प्रयोगशाळेत अनेकदा वाढतच नाहीत. अहवालासाठी दोन-तीन दिवस थांबणे अशा मुलाला परवडत नाही. म्हणून अनेक जिवाणूंवर चालणारी औषधे सुरू होतात आणि पुढे ती बंद करायला आधार मिळत नाही.

पीसीआर चाचणीत जंतू वाढवावा लागत नाही, त्याचे जनुकीय द्रव्य शोधले जाते. ठरावीक डीएनए तुकडा प्रत्येक आवर्तनात दुप्पट होत जातो आणि 30 आवर्तनांत एका तुकड्याच्या 100 कोटींहून अधिक प्रती तयार होऊ शकतात. आरएसव्ही (लहान मुलांच्या श्वसनमार्गाला संसर्ग करणारा विषाणू) किंवा इन्फ्लुएन्झा (फ्लू) यांचे जनुकीय द्रव्य आरएनए असल्याने आधी त्याची डीएनए प्रत बनवतात. आजच्या मल्टिप्लेक्स पॅनेलमध्ये एकाच नमुन्यातून वीसेक जंतूंचा शोध साधारण तासाभरात लागतो.

एवढी संवेदनशील चाचणी हाताशी आली, की अवघड काम सुरू होते ते अहवाल वाचण्याचे. अमेरिकेत मेम्फिस, नॅशव्हिल आणि सॉल्ट लेक सिटी येथे 2010 ते 2012 या काळात न्यूमोनियाने दाखल झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. तपासलेल्या 2,222 मुलांपैकी 81 टक्के मुलांत कोणता ना कोणता जंतू आढळला आणि त्यांत विषाणूंचा वाटा जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठा होता. परंतु ऱ्हायनोव्हायरस हा सर्दीचा विषाणू लक्षणे नसलेल्या 17 टक्के मुलांतही सापडला, तर आरएसव्ही अशा मुलांत क्वचितच दिसला. म्हणजे 'पॉझिटिव्ह' या एकाच शब्दाचे वजन जंतूगणिक बदलते. आरएसव्ही सापडला, तर तोच आजाराचे कारण असण्याचा संभव मोठा. ऱ्हायनोव्हायरस सापडला, तर तो आधीच्या सर्दीचा अवशेषही असू शकतो.

नमुना कुठून घेतला, याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जिवाणू निरोगी मुलांच्या नाकाघशातही राहतो, त्यामुळे नाकातल्या स्वॅबमध्ये तो मिळाल्याने फुप्फुसातील संसर्ग सिद्ध होत नाही. श्वासनलिकेत नळी असलेल्या मुलाचा स्राव त्या नळीतून ओढून घेता येतो आणि तो फुप्फुसाच्या अधिक जवळचा असतो; तरीही काही दिवसांत नळीवरही जिवाणू वस्ती करतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

इन्फ्लुएन्झा निघाल्यास ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध देता येते. तान्ह्या बाळात डांग्या खोकला निघाल्यास अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक तर देतातच, शिवाय घरातल्यांनाही प्रतिबंधक औषध दिले जाते. आरएसव्हीचे मूल वेगळ्या खोलीत हलवल्याने शेजारच्या खाटेवरचे बाळ वाचू शकते. मात्र पॅनेलमध्ये ज्या जंतूंची आणि प्रतिरोधक जनुकांची (ज्यांमुळे जिवाणू औषधाला दाद देत नाही) सोय केलेली असते तेवढीच त्यात दिसतात. जिवाणूवर कोणते औषध लागू पडेल हे सविस्तर कळण्यासाठी त्याच स्रावाचा दुसरा भाग कल्चरला पाठवावाच लागतो.